दाखवायला ठेवलेला माणूस

कपाटांच्या कारखान्यात तिला सगळे परतबाई म्हणत. तोंडावर नाही, तेवढी छाती कुणाचीच नव्हती, पण पाठ फिरली की परतबाई. ती खरेदी खात्यात बसायची, आणि फाटकातून आत येणारी प्रत्येक वस्तू, मग तो पत्रा असो, कुलूप असो, रंगाचा डबा असो की कामगारांचे हातमोजे, आधी तिच्या टेबलावर यायची. हातमोजा आला की ती तो स्वतःच्या हातात चढवून पत्र्याच्या कडेवर घासून बघायची. बिजागरी आली की मनगट भरून येईपर्यंत तिची उघडझाप करायची. पसंत पडली नाही की एकच शब्द: परत. माल विकायला येणाऱ्यांनी गोड बोलून पाहिलं, साहेबांची ओळख सांगून पाहिली, एकाने तर डोळ्यांत पाणी आणून पाहिलं. तिच्यापुढे कुणाची डाळ शिजली नाही.

राग तर तिच्या नाकावरच असायचा. सासूबाई म्हणायच्या की हिच्या नाकावर माशी बसली तर माशीच माफी मागून उठेल. पण त्या रागाचा फायदा कुणाला होतो हे कामगारांना पक्कं ठाऊक होतं. बाईने पास केलेला मोजा फाटत नाही, बाईने पास केलेली शिडी मोडत नाही. म्हणून तिला नावं ठेवणारे लोकही नवा माल आला की आधी विचारायचे, बाईने बघितलाय ना? बघितलाय म्हटलं की डोळे झाकून वापरायचे.

त्याच कारखान्यात प्रेसवर तिचा धाकटा दीर होता. प्रेस म्हणजे पत्र्याला घडी घालणारं यंत्र. पत्रा आत सरकवायचा, हात बाहेर काढायचा, मग पायाने दाबायचं, की वरचा जबडा धाडकन खाली येतो. हा क्रम चुकला की बोटं गेलीच म्हणून समजा. आणि दीर प्यायचा. सणावाराला नाही, मित्रांबरोबर नाही. सकाळी, कामावर निघायच्या आधी, हात थरथरू नयेत म्हणून. त्याच्या टोळीतल्या लोकांना सगळं माहीत होतं. त्याचा दिवस वाईट असला की ते काही न बोलता त्याला तयार माल मोजायच्या बाकावर बसवायचे आणि प्रेसवर दुसरा उभा राहायचा. मुकादमही त्या वेळी नेमका दुसरीकडे बघायचा. अशी झाकली मूठ बरीच वर्षं चालली होती.

ती लग्न होऊन घरात आली तेव्हा हा दीर शाळेत होता. त्याच्या दप्तराचे तुटलेले बंद तिने शिवले, त्याच्या तापात ती उशाशी बसली. बोलायची मात्र रीतीप्रमाणे भाऊजी आणि तुम्ही. तो तिला वहिनी आणि तू. त्याच्या पिण्यावरून तिने काय नाही केलं? आदळआपट केली, बाटल्या मोरीत ओतल्या, त्याच्याच मुलीच्या गळ्याची शपथ घ्यायला लावली, महिनाभर अबोला धरला. जाऊ रडायची, सासूबाई नशिबाला बोल लावायच्या, आणि नवरा म्हणायचा की तो काय कुक्कुलं बाळ आहे का. दीर सगळ्यांचं ऐकून घ्यायचा आणि सकाळी मोरीचं दार आतून लावून घ्यायचा. तुम्हीच सांगा, अशा माणसावर रागवायचं तरी किती?

मग एक दिवस वरून फर्मान आलं. कारखान्याची कपाटं घेणारी जी सगळ्यात मोठी कंपनी होती, तिने कळवलं की आम्हाला माल देणाऱ्या प्रत्येक कारखान्यात कामगारांसाठी व्यसनमुक्तीचा कार्यक्रम झालाच पाहिजे, नाहीतर ऑर्डर बंद. मॅनेजरने तो विषय परतबाईच्या टेबलावर ढकलला. बाहेरून आणायची वस्तू म्हणजे खरेदी, आणि खरेदी म्हणजे ती.

संध्याकाळी जेवताना तिने ही बातमी घरात सहज सांगितली. म्हणजे दाखवलं तसं, बाकी तिच्या पोटात काय होतं ते तिलाच माहीत. दिराचा घास हातातच राहिला. ताटाकडे बघतच तो म्हणाला, "वहिनी, तू पारखून आणणार ना माणूस? मग मी सांगेन. सगळ्यांसमोर सांगेन. नाहीतरी एकट्याने जमत नाहीये मला."

त्याच्या तोंडून असं काही आजवर कधी निघालं नव्हतं. परतबाई उठून स्वयंपाकघरात गेली आणि उगाचच भांडी आपटत बसली, कारण रडताना कुणी बघितलेलं तिला चालायचं नाही. तिने मनाशी ठरवलं की या कामात कसूर करायची नाही. पत्र्याचं कपाट वाकडं निघालं तर बदलून देता येतं, दीर बदलून कुठून आणणार?

मॅनेजरने संस्थांसाठी अटी तयार केल्या होत्या. संस्था नोंदणीकृत हवी. अशा कामाचा अनुभव हवा. दर कमीत कमी हवा. प्रमाणपत्र महिनाअखेर हातात हवं. तिने कागद वरपासून खालपर्यंत वाचला आणि विचारलं की यात दारू सुटण्याबद्दल कुठे काय लिहिलंय. ते गृहीतच आहे, मॅनेजर म्हणाला. गृहीत धरून मी कधी खिळासुद्धा घेतलेला नाही, ती म्हणाली, आणि तिने खाली आपल्या हाताने एक अट वाढवली. तुमच्या कार्यक्रमात ज्याने पितो म्हणून कबूल केलं आणि जो आजही त्याच कारखान्यात कामावर आहे, असा एक माणूस मला दाखवा. थोडक्यात, नमुना. मॅनेजरला हसू आलं, पण या अटीला खर्च नव्हता, म्हणून त्याने ती राहू दिली.

पहिल्यांदा आली ती एक डॉक्टरीणबाई. सायकलच्या दुकानावर तिचा छोटा दवाखाना होता. चपला झिजलेल्या, हातात कापडी पिशवी. तिने सरळ सांगितलं की मी दर आठवड्याला येईन, मला दार लागेल अशी एक खोली द्या, ज्याला बोलायचं तो एकटा येईल. कोण आला आणि काय बोलला हे कारखान्यात कुणाला कधीच कळणार नाही. जो धोक्याच्या यंत्रावर आहे त्याला बरा होईपर्यंत त्याच पगारात दुसरं काम द्यायचं, आणि तसं कारखान्याने आधी लिहून द्यायचं. वेळ वर्षभर तरी लागेल. प्रमाणपत्र मी देत नाही. ऐकता ऐकता मॅनेजरचं तोंड कडू काढा प्यायल्यासारखं झालं.

परतबाईने आपली अट वाचून दाखवली. डॉक्टरीणबाई म्हणाली, "अशी माणसं पुष्कळ आहेत. पण एकही दाखवणार नाही. त्यांना मी तसं वचन दिलंय."

झालं, हिचं डोकं फिरलं. अख्खा जन्म तिने हे ऐकलं होतं: माल फार चांगला आहे हो बाई, फक्त आत्ता दाखवायला नाही. ज्याच्याकडे माल नसतो तो असंच म्हणतो, असं ती फाडकन बोलून गेली. डॉक्टरीणबाई रागावली नाही. पिशवी उचलता उचलता तिने हळूच विचारलं की तुमच्या घरातलं कुणी आहे का. परतबाईच्या कानाच्या पाळ्या तापल्या. कुणी नाही, ती म्हणाली, आणि कागदावर नेहमीचा शब्द लिहून मोकळी झाली. परत.

इथे ती चुकली. एवढी हुशार बाई, जिच्या हातून कधी खोटा स्क्रू सुटला नाही, तिला एवढं कळू नये? ज्या बाईने तिच्या दिराचं नाव जिवात जीव असेपर्यंत कुणाला सांगितलं नसतं, तिलाच हिने दारातून घालवलं. पण सवय वाईट असते. हात बिजागऱ्यांना सरावले की माणूसही उघडझाप करून बघावासा वाटतो.

दुसरा आला तो टायवाला. गुळगुळीत दाढी, रंगीत पुस्तक, बोलणं तर असं की ऐकणाऱ्याला वाटावं दारू यानेच जगातून हद्दपार केली. आमच्याकडे शंभर टक्के निकाल आहे, तो म्हणाला. आम्ही जिथे कार्यक्रम केला तिथे आज एकही पिणारा कामगार नाही. तिने नमुना मागितला. हा पठ्ठ्या जराही अडखळला नाही. उद्या सकाळीच चला, म्हणाला, माझ्या गाडीतून नेतो. मॅनेजरने तिच्याकडे असं बघितलं, जणू काही स्थळच पसंत पडलं.

तो कारखाना प्लॅस्टिकच्या बादल्यांचा होता. अंगणात शिरताच टायवाल्याने लांबूनच हाक मारली, अहो, इकडे या! झाडू मारणारा एक माणूस झाडू भिंतीला लावून आला. पन्नाशीचा, अंगात दुसऱ्या कुणाचातरी असावा असा ढगळ सदरा. टायवाल्याने त्याच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला की सांगा बाईंना, आधी काय होता तुम्ही. त्या माणसाने पाठ केलेला धडा म्हणावा तसं म्हणून दाखवलं: मी रोज प्यायचो, बायकोला मारायचो, आता माझं जीवन बदललं आहे. म्हणताना त्याची नजर टायवाल्याच्या बुटांवर होती. ऑफिसच्या खिडकीतून दोघीजणी बघत होत्या, त्यांना हसू आवरत नव्हतं. तो तिकडे बघतही नव्हता, म्हणजे हे सगळं त्याच्या अंगवळणी पडलं होतं. टायवाल्याला फोन आला आणि तो बाजूला गेला.

"आधी काय काम होतं तुमचं?" परतबाईने विचारलं.

"साच्यांवर होतो. वीस माणसं होती हाताखाली."

"मग झाडू कशाला?"

"हात वर केला ना मी. ह्यांनी नावं लिहून घेतली आणि यादी साहेबांना दिली."

"बाकीच्यांचं काय झालं?"

"गेले. हात वर केलेले सगळे गेले, बाई. मला तेवढा ठेवलाय, कुणी बघायला आलं की दाखवायला."

आणि तो हे बोलत असताना तिच्या नाकाला वास आला. तोच वास, जो रोज सकाळी मोरीच्या दारामागून यायचा. तो माणूस त्या घटकेलाही प्यायलेला होता. तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. शंभर टक्के निकाल! पिणारा एकही उरला नाही, कारण कबूल केलेल्या प्रत्येकाला हाकलून दिलं, आणि न हाकललेल्या या एकाची दारू सुटली की नाही हे कुणी विचारलंसुद्धा नाही. आणि असाच माणूस दाखवा, ही मागणी तिचीच होती.

टायवाला फोन खिशात घालून हसत परत आला. मग त्या अंगणात जे झालं ते खिडकीतल्या दोघी अजून सांगत असतील. तिने त्याची अशी खरडपट्टी काढली की फाटकावरचा पहारेकरी धावत आला. माणसाचा बाजार मांडलाय मेल्यांनो, ही त्यातली सगळ्यात मऊ शिवी. गाडीत बसा, सोडतो म्हणाला तर तिने गाडीच्या दाराकडे बघितलंदेखील नाही, ताडताड चालत बसच्या थांब्यावर गेली. रागाने घात केला तो इथे. बस येता येईना. टायवाल्याची गाडी तिच्या डोळ्यांसमोरून धूळ उडवत निघून गेली, आणि ती गाडी कुठे निघाली आहे हे परतबाईला कळलं नाही.

कारखान्यात पोचली ती तडक मॅनेजरच्या खोलीत. ही संस्था परत, ती म्हणाली. मॅनेजरने चहाचा कप खाली ठेवला. ऑर्डर तर सकाळीच काढली, तो म्हणाला. अट तुमचीच होती, त्यांनी माणूस दाखवला, आता काय राहिलं? तिने सगळं सांगितलं, साच्यांवरचा माणूस, झाडू, यादी. मॅनेजरच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. उलट त्यानेच विचारलं, "प्रेसवर पिणारा माणूस मी ठेवायचा? उद्या हात गेला तर उत्तर द्यायला तुम्ही येणार का?"

ही भीती तिचीही होती, रोजची होती. दुपारी प्रेसचा आवाज थांबला की ती हातातलं काम टाकून दारात जाऊन उभी राहायची. पण भीती तीच असली तरी ती दिराला वाचवायला बघत होती आणि हा कपाळकरंटा त्याला फेकून द्यायला. हात जाऊ नये म्हणून माणूस घालवायचा, असलं शहाणपण कुठे शिकलात, असं ती म्हणणार तोच मॅनेजर म्हणाला की आता वाद कशाला, कार्यक्रम तर सुरूही झाला, सगळे जेवणघरात आहेत.

जेवणघराच्या दारावर मोठ्या अक्षरांत सूचना लावली होती: खरेदी खात्याच्या बाईंनी स्वतः पारखलेली संस्था. निर्धास्त मनाने बोला. तिच्या नावाचं आमिष लावलं होतं.

आत टायवाला खुर्चीवर उभा होता. त्याचा जोडीदार कागद पेन घेऊन तयार. लाज कसली, इथे सगळे आपलेच आहेत, ज्याला या व्यसनातून सुटायचंय त्याने फक्त हात वर करायचा, असं तो मध घोळवून सांगत होता. एक हात वर होताच. सगळ्यांच्या आधी वर गेलेला, सरळ, ताठ, शाळेत उत्तर येणाऱ्या मुलाचा असावा तसा. दिराने त्या दिवशी दाढी केली होती. त्याचा हात बघून त्याच्या टोळीतल्या आणखी काहींनी चाचरत हात वर केले होते. जोडीदाराचा पेन चालू होणार एवढ्यात ती दारातून ओरडली.

"हात खाली घ्या. सगळ्यांनी."

हात भराभरा खाली आले. इतकी वर्षं तिचा शब्द ऐकलेले लोक होते ते. एकच हात वर राहिला. ती माणसांना ढकलत त्याच्यापर्यंत गेली. अख्खं जेवणघर बघत होतं. दीर तिच्याकडे बघून हसला, लहानपणी बक्षीस दाखवायला यायचा तसं, आणि हलक्या आवाजात म्हणाला, "वहिनी, खाली घ्यायला नको सांगूस. फार कष्टाने वर केलाय."

जोडीदार खुर्च्यांमधून वाट काढत जवळ येत होता, नाव काय म्हणून विचारत. समजावून सांगायला वेळ कुठे होता? आणि सांगणार तरी काय, पन्नास जणांच्या देखत? तिने दिराचं मनगट धरलं आणि जोर लावून खाली ओढलं. तो हात खाली यायला तयार नव्हता, तिला दोन्ही हात लावावे लागले. तोंडातून जन्मात पहिल्यांदा एकेरी निघालं.

"खाली घे म्हणते ना!" आणि वळून जोडीदाराला मोठ्याने म्हणाली, "लिहिताय काय? पंखा लावायला सांगत होते ते."

मग टोळीतल्या एका चलाख माणसाच्या डोक्यात प्रकाश पडला. हो तर, किती उकडतंय, तो म्हणाला. दुसरा म्हणाला, मी पण पंख्यासाठीच केला होता हात वर. तिसरा म्हणाला, मीही. आणि मग जे हसू फुटलं ते आवरेना. माणसं एकमेकांच्या खांद्यावर कोसळली. कुणीतरी खरंच जाऊन पंखा लावला. टायवाला खुर्चीवर उभ्या उभ्या शांतता राखा, शांतता राखा करत राहिला, त्याच्या जोडीदाराचा कागद कोरा तो कोराच. सगळं जेवणघर हसत होतं आणि मधोमध दीर तिच्याकडे बघत उभा होता. त्याचं मनगट लाल झालं होतं.

प्रमाणपत्र वेळेवर आलं. या कारखान्यात एकही व्यसनाधीन कामगार आढळला नाही, असं त्यावर सोनेरी अक्षरांत छापलंय, आणि मॅनेजरने ते फ्रेम करून खुर्चीमागे टांगलंय. मोठी कंपनी खूष झाली. कामगारही खूष, बाईने वाचवलं म्हणून तिला येता जाता नमस्कार घालायला लागले. घरात सासूबाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला, पोराची नोकरी राखलीस म्हणाल्या. या कौतुकाचा तिला इतका संताप यायचा की समोरच्याला ओरबाडावंसं वाटायचं. आणि टोळीतल्या मेल्यांनी दिराचं नाव पंखा पाडलं. प्रेमानेच हो, कुणाच्या मनात वाईट नव्हतं. तोही हाकेला ओ द्यायचा. मोजणीच्या बाकावर मात्र तो आता बसेना, वाईट दिवशीही प्रेसवरच उभा राहायचा. मी कुठे पितो, असं म्हणायचा.

एका सुट्टीच्या दिवशी ती सायकलच्या दुकानावरचा जिना चढली. डॉक्टरीणबाईने तिला ओळखलं, पण टोमणा मारला नाही, खुर्ची पुढे केली. परतबाई बसली नाही. माझा दीर आहे, तिने उभ्यानेच सांगितलं, प्रेसवर आहे, सकाळी पितो. माझं चुकलं, एवढं मात्र तिने म्हटलं नाही. डॉक्टरीणबाई म्हणाली की येऊ देत त्यांना, केव्हाही, पण त्यांनी स्वतःहून यायला हवं.

संध्याकाळी दीर कामावरून आला. जाऊ ताट वाढत होती. परतबाईने त्याला खिडकीपाशी बोलावलं आणि सगळं सांगितलं, अगदी सावकाश, आवाज न चढवता, जे तिला कधीच जमत नसे. ही बाई खरी आहे. दार बंद असेल. नाव कुणाला कळणार नाही. मी जिन्याखाली थांबेन, वर तुम्ही एकटे जा. त्या दिवशी मला वेळच नव्हता, भाऊजी.

त्याने सगळं ऐकून घेतलं, मध्ये एकदाही तिला तोडलं नाही. मग तिच्याकडे बघून तो हसला, पण त्या दिवशी जेवणघरात हसला होता तसं नाही.

"काहीतरीच काय, वहिनी," तो म्हणाला. "मी तर पंखा लावायला सांगत होतो."

आणि हात धुऊन तो जेवायला बसला.